दारोदार फिरण्याची लाज

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात उद्योगधंद्यांच्या सत्रात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला “धंद्यास गिऱ्हाईक कसे मिळवावे” या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी वक्ता नव्हे. लोकांच्या घरांची बाहेरची अंगे धुणे हा माझा व्यवसाय. कुंपणाच्या भिंती, अंगणातील फरशी, जिने, गच्च्या, कौले, पन्हळी आणि अलीकडे गच्चीवरील सोलर पॅनेल, एवढेच माझे क्षेत्र. परंतु चिटणीस म्हणाले, “तुम्ही पुण्यात दारोदार फिरून हा धंदा उभा केलात, तेवढेच सांगा. आपल्या मुलांना तेच ऐकण्याची गरज आहे.” त्यांचा हा आग्रह मोडवला नाही, म्हणून आपणांपुढे उभा आहे.

मी सतरा वर्षे एका कारखान्यात माल तपासणीच्या खात्यात नोकरी केली. २०२० च्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी झाली आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात माझी नोकरी गेली. घरी वृद्ध वडील, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. पत्नीने हातातील पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण ठेवून मी दाबाने पाणी फेकणारे यंत्र घेतले. बाजारात त्यास प्रेशर वॉशर म्हणतात. हेच काम का निवडले, असे पुष्कळजण विचारतात. कारण साधे आहे. त्या दिवसांत परक्या माणसास कोणी उंबऱ्याच्या आत घेत नसे. आणि ज्या कामासाठी घरात पाऊलही टाकावे लागत नाही, असे काम हेच होते. पावसाने भिंती हिरव्या झाल्या होत्या. मला हवा होता फक्त एक नळ आणि विजेची एक जोडणी.

आता गिऱ्हाईक कोठून आणावयाचे? मी प्रथम जे केले ते आपणांपैकी कोणीही केले असते. मंडळाची सभासद-सूची काढली आणि एकेका घरी दूरध्वनी करू लागलो. आपल्या लोकांनी मला दूर लोटले नाही, हे मी कृतज्ञतेने सांगतो. नऊ घरी काम मिळाले. परंतु त्या नऊ घरांनी मला एक कटू धडा दिला. कोठे चहा-फराळ झाला आणि मग “घरचाच माणूस” म्हणून दर निम्मा झाला. एके ठिकाणी पैशाचा विषयच निघाला नाही, आणि मलाही तो काढवला नाही. ज्या घरची भिंत मुळात स्वच्छ होती, त्यांनीही केवळ माझी कीव येऊन काम दिले. अशा घरून दुसऱ्या वर्षी बोलावणे आले नाही, यात त्यांचा दोष नाही. कीव करून दिलेले काम एकदाच मिळते. गरज म्हणून दिलेले काम दरवर्षी मिळते. सूची संपली तेव्हा माझे गिऱ्हाईकही संपले.

मग अनोळखी दारे ठोठावण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पहिल्या दिवशी कोथरूडच्या एका गल्लीत गेलो. तीन फाटकांसमोर उभा राहून घंटा न वाजवताच परत फिरलो. हाताला जणू कोणी धरून ठेवले होते. त्या दिवशी सदतीस घरे केली आणि एकही काम मिळाले नाही. त्याच आठवड्यात रस्त्याच्या पलीकडून माझे वडील येत होते. ते जन्मभर सरकारी कचेरीत कारकून होते. माझ्या हातात बादली व ब्रश पाहून त्यांनी मान वळविली आणि ते दुसऱ्या गल्लीत शिरले. रात्री जेवताना ते एक शब्दही बोलले नाहीत. सदतीस नकारांपेक्षा ते मौन मला जड गेले.

पुढे ज्ञातिगृहातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूस घेऊन सांगितले, “बाबा रे, हे आपल्या लोकांचे काम नव्हे.” त्यांचा हेतू चांगलाच होता. तथापि या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि आज ज्ञातीच्याच व्यासपीठावरून त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते. स्वच्छतेचे काम या देशात शतकानुशतके काही लोकांच्या माथी जन्माने मारले गेले आणि त्यांनाच पुन्हा अस्पृश्य म्हटले गेले. मी तेच काम यंत्र घेऊन स्वेच्छेने करू लागलो, तर दोन वर्षांत लोक मला “उद्योजक” म्हणू लागले. हा मान माझ्या कर्तृत्वाचा किती आणि माझ्या आडनावाचा किती, हे मी स्वतःस विचारीत असतो. गाडगेबाबा १९५६ साली निवर्तले. ते गावात शिरताच आधी हाती खराटा घेत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छतेचे अभियान चालते, त्यांच्या तसबिरीस आपण हार घालतो. आणि खराटा मात्र आपल्या मुलाच्या हाती दिसू नये, असे म्हणतो. हे विसंगत आहे.

दारोदार जाण्याविषयीही असेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आज आपण अभिमानाने आठवतो. पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि ती दूर होईपर्यंत त्यांना धीर धरावा लागला. अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी १९६९ साली कपडे धुण्याची पूड घरी तयार केली आणि सायकलवर घालून ती घरोघर विकली. तीच पुढे ‘निरमा’ म्हणून देशभर गेली. मोठ्यांच्या चरित्रातील ही पायपीट आपणांस गोड वाटते; आपल्या घरातील मुलाने केली की ती लाजिरवाणी वाटते.

असो. आता तरुणांच्या उपयोगी पडेल असे काही अनुभवाचे सांगतो.

पहिली गोष्ट, सारे शहर आपले मानू नये. एक गल्ली आपली मानावी. मी फाटकापाशी जाण्यापूर्वी रस्त्यावरून घर नीट पाहतो. उत्तरेकडील भिंतीवर ऊन कमी पडते, तेथे शेवाळ अधिक. पन्हळीखाली काळे ओघळ असतात. जिन्याची पायरी हिरवी असेल तर ती निसरडीही असते. “काही साफ करावयाचे आहे काय?” असे विचारले की “नाही” हेच उत्तर येते. “आपल्या मागच्या पायरीवर शेवाळ धरले आहे, घरात वडीलधारे असतील तर जपावे,” असे म्हटले की माणूस बाहेर येऊन पायरीकडे पाहतो. जे दिसले तेच बोलावे. न दिसलेले बोलू नये.

दुसरी गोष्ट, वेळ. सकाळी दहा ते बारा आणि सायंकाळी पाच ते सात. पुण्यात दुपारी एक ते चार कोणाची घंटा वाजविली, तर त्या घराचे दार जन्माचे बंद झाले असे समजावे. घंटा वाजविल्यावर दोन पावले मागे सरून उभे राहावे, म्हणजे दार उघडणारास दडपण वाटत नाही. फाटकावरील रखवालदारास “मामा” आणि काम करणाऱ्या बाईस “मावशी” म्हणून आदराने हाक मारावी. मालक परगावी आहेत की आजारी आहेत, रंग केव्हा काढावयाचा आहे, हे सर्व त्यांनाच ठाऊक असते.

तिसरी गोष्ट, बोलण्यापेक्षा दाखवावे. परवानगी घेऊन फाटकाजवळील हातभर फरशी मी विनामूल्य धुऊन देतो. ती एक पांढरी चौकट माझ्याहून अधिक बोलते. मग फीत लावून मोजमाप करतो आणि कागदावर क्षेत्र, दर, लागणारे दिवस आणि काय निघणार नाही, हे लिहून देतो. गंजाचे डाग पाण्याने जात नाहीत, तेलाचे पुरते जात नाहीत; हे आधी सांगितले तर तो प्रामाणिकपणा ठरतो, मागून सांगितले तर सबब ठरते. पाण्याचा प्रश्न हमखास निघतो. आमचे लहान यंत्र तासाला सुमारे ३०० ते ४०० लिटर पाणी घेते. उघडी रबरी नळी त्याहून पुष्कळ अधिक सांडते. हा हिशेब तोंडपाठ असावा.

चौथी गोष्ट, एका घरी काम चालू असताना दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी जावे. प्रथम यंत्राच्या आवाजाबद्दल क्षमा मागावी. शेजाऱ्याला आपले काम डोळ्यांनी दिसत असते. नवीन गिऱ्हाईक मिळण्याची याहून चांगली वेळ नाही. सहकारी गृहसंस्था असेल तर घरोघर न फिरता चिटणीसांना भेटावे. संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावयाच्या असतात. म्हणून अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये द्यावा, म्हणजे तो सभेपुढे येतो आणि पाऊस सरल्यावर काम हाती येते.

पाचवी गोष्ट, वही. प्रत्येक दारी काय उत्तर मिळाले आणि पुन्हा केव्हा यावे, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. “मुलगा अमेरिकेहून डिसेंबरात येईल, मग पाहू,” असे सांगणारे घर नकाराचे नव्हे. ते डिसेंबराचे घर आहे. माझी पुष्कळशी गिऱ्हाइके दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मिळालेली आहेत. मात्र ज्याने स्पष्ट “येऊ नका” म्हटले, त्याच्या दारी पुन्हा जाऊ नये. तेही वहीत लिहावे.

आणि आता माझी एक चूक सांगतो, कारण धंद्यात उपयोगी पडले ते मुख्यतः तिनेच. एका जुन्या बंगल्याची काळ्या दगडाची भिंत धुताना मी घाईने पाण्याचा दाब वाढविला. दगडाला काही झाले नाही, परंतु मधल्या चुन्याच्या दरजा निखळून पडल्या. मालक घरी नव्हते. निघून गेलो असतो तर त्या दिवशी कोणास कळलेही नसते. मी संध्याकाळपर्यंत फाटकाशी बसून राहिलो, ते आल्यावर झाले ते सांगितले, आणि दुसऱ्या दिवसापासून चुन्याचे काम जाणणारा गवंडी लावून स्वखर्चाने दरजा भरून दिल्या. चार दिवस मी स्वतः त्याच्या हाताखाली घमेली उचलली. त्या मालकांनी मला पुन्हा बोलाविले नाही. त्यांचा राग रास्तच होता. परंतु समोरच्या गच्चीवरून एक आजी ते चारही दिवस पाहत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. “माझी भिंतही जुनीच आहे,” त्या म्हणाल्या, “पण तू आता दाब वाढविणार नाहीस.” त्या गल्लीत आज माझी अकरा घरे आहेत. जुन्या चुन्यावर मी यंत्र लावीत नाही. मऊ ब्रश आणि साधे पाणी वापरतो. दगड व संगमरवरावर आम्ल तर कधीच नाही.

काही कामे मी घेत नाही, तीही सांगतो. दोन मजल्यांवर दोराने लोंबकळून करावयाचे काम घेत नाही. त्यास वेगळे शिक्षण आणि साधने लागतात. शौचटाकीत माणूस उतरविण्याचे काम कोणी सुचविले तर हात जोडतो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्याच्या कामावर माणूस नेमण्यास बंदी केली आहे आणि गटारे व शौचटाक्यांची धोकादायक सफाई करवून घेण्यासही मनाई आहे. आणि कायदा नसता तरी माझ्या रोजीसाठी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावण्याचा मला काय अधिकार? आज माझ्याकडे सहा माणसे आहेत. मी त्यांची जात विचारली नाही, आणि त्यांनी माझी.

बंधुभगिनींनो, शेवटी मंडळास एक विनंती. गरजू तरुणास ज्ञातीतून कामे मिळवून देण्याची योजना कार्यकारिणीपुढे आहे, असे समजते. हेतू स्तुत्य आहे. पण मी अनुभवाने सांगतो, ज्ञातीने गिऱ्हाईक पुरवू नये. गिऱ्हाईक परक्या दारीच मिळाले पाहिजे, कारण तेथे दर कामाचा ठरतो, नात्याचा ठरत नाही. ज्ञातीने दोन गोष्टी कराव्यात. एक, शिष्यवृत्ती-निधीप्रमाणेच एक साधन-निधी काढून यंत्र-अवजारांसाठी बिनव्याजी कर्ज द्यावे, म्हणजे कोणा गृहिणीच्या पाटल्या गहाण पडणार नाहीत. दुसरी, आपला मुलगा बादली घेऊन रस्त्यात दिसला तर मान वळवू नये, थांबून विचारपूस करावी. या दुसऱ्या गोष्टीस निधीही लागत नाही.

माझ्या वडिलांनी मला शाबासकी कधी दिली नाही. परंतु दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात माझी वही भिजली. सकाळी पाहतो तो टेबलावर नवी वही. रकाने आखलेले, घर क्रमांक, नाव, उत्तर, पुन्हा केव्हा जावे, सर्व त्यांच्या कचेरीतल्या वळणदार अक्षरात उतरून काढलेले. तेव्हापासून अखेरपर्यंत ती वही तेच लिहीत असत. रात्री जेवताना एवढेच विचारीत, “आज किती दारे?”

हाच प्रश्न आपण आपापल्या घरातील तरुणांस विचारावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.