ओळख विचारायची ती सर्वांना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



मोबाईलवरून पैसे पाठविण्याची सेवा देणाऱ्या कंपन्या ग्राहकाकडे ओळखीचा पुरावा का मागतात, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी विचारला आहे. ही निव्वळ कंपन्यांची मनमानी आहे, असे मानणे बरोबर होणार नाही. या व्यवहारात देणारा व घेणारा समोरासमोर नसतात. खोट्या नावांची खाती उघडून फसवणुकीचा पैसा क्षणार्धात दहा ठिकाणी फिरविता येतो. काळ्या पैशाला पांढरे रूप देण्यास प्रतिबंध करणारा २००२ चा कायदा १ जुलै २००५ पासून अमलात आला. ग्राहकाची ओळख पटवून तिची नोंद ठेवणे हे त्यान्वये वित्तसंस्थांचे कर्तव्य ठरले.

रिझर्व्ह बँकेचे नियम येथे जोखमीचे माप लावतात. केवळ किमान तपशील दिलेल्या ग्राहकाच्या मोबाईल पाकिटात एका वेळी १०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम ठेवता येत नाही व त्यातून दुसऱ्या व्यक्तीस पैसे पाठविता येत नाहीत. पूर्ण पडताळणीनंतर ही मर्यादा २ लाखांपर्यंत जाते. हे तत्त्व योग्यच आहे.

प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा. ऊसतोडीसाठी सहा महिने गाव सोडणाऱ्या मजुराचा पत्ता कोणता? दोन कागदांवर त्याचे नाव दोन प्रकारे लिहिले गेले, तर खाते अडते आणि घामाचा पैसा अडकून पडतो. उलट, बड्या भांडवलदारास एका कंपनीच्या आड दुसरी व दुसरीच्या आड तिसरी उभी करता येते. कंपनीचा खरा मालक शोधण्याचे बंधन कायद्यात आहे. २०२३ मध्ये त्यासाठी भागभांडवलाची मर्यादा २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली गेली. पण मजुराच्या अंगठ्याबाबत जी कसोशी दिसते, ती येथेही दिसली पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी लोकांपर्यंत नेल्या पाहिजेत. पहिली, आधार हाच एकमेव पुरावा नव्हे. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना व पासपोर्टही कायद्याने ग्राह्य आहेत. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्यालाही छायाचित्र व सही-अंगठ्यावर बँकेत मर्यादित व्यवहारांचे ‘लघु खाते’ उघडण्याची सोय आहे. दुसरी, ‘पडताळणी राहिली, खाते बंद होईल’ असे फोनवर धमकावून सांकेतिक क्रमांक मागणारा इसम हा ठग असतो.

पडताळणीला आपला विरोध नाही. ती वरपासून खालपर्यंत सारख्याच कसोशीने व्हावी, हा आपला आग्रह आहे.