संघटनेतील माणसाचे शास्त्र
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मी ‘संघटनात्मक वर्तन’ हा विषय कळविला, तेव्हा आपले चिटणीस क्षणभर स्तब्ध झाले. त्यांचा दोष नाही. नावच जड आहे. आपल्या कित्येक घरांतील मुले-मुली व्यवस्थापनाच्या पदवीसाठी हा विषय अभ्यासतात. पण आई-वडिलांना तो समजावून सांगताना त्यांचीही तारांबळ उडते. वस्तुतः गोष्ट घरगुती आहे. दहा माणसे एका कामासाठी एकत्र आली म्हणजे ती कशी वागतात, आणि एकेकटी शहाणी असलेली माणसे एकत्र येऊन काम का बिघडवितात, याचा निरीक्षणाने व मोजमापाने शोध घेणारे हे शास्त्र आहे. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र या तिघांकडून त्याने भांडवल घेतले आहे.

पाठ्यपुस्तके बहुधा शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यापासून आरंभ करतात. १९२४ ते १९३२ या काळात तेथे प्रयोग झाले. उजेड वाढविल्याने काम वाढते काय, हे पाहावयास निघालेले संशोधक अखेर माणसांच्या परस्परसंबंधांपाशी येऊन पोचले. त्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. त्यांत मी शिरत नाही. कारण मला अधिक बोलका वाटणारा प्रयोग आपल्या शेजारी, अहमदाबादेस झाला आहे.

तेथील कॅलिको मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग बसविले गेले. यंत्रे उत्तम होती, माणसे कसबी होती. तरीही कापड अपेक्षेइतके निघेना, आणि निघे त्यातले बरेचसे सदोष निघे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस हे १९५३ साली या प्रश्नाकडे वळले. त्यांनी यंत्र बाजूस ठेवून माणसे मोजली. गिरणगावात ज्याला साचेखाते म्हणतात, तशा त्या खात्यात २२४ माग आणि २९ माणसे होती. आणि या २९ जणांत कामाचे प्रकार होते १२! विणकर ८, बॅटरीत कांड्या भरणारे ५, एकदम तुटलेले पुष्कळ धागे सांधणारे ३. त्याखेरीज नवा ताणा चढविणारे, जॉबर व त्यांचे मदतनीस, कापड उचलणारे, तेलवाला, झाडूवाला इत्यादी. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०, तर तेलवाल्याकडे सगळेच. म्हणजे कोणाचीच हद्द दुसऱ्याच्या हद्दीशी जुळेना. एखादा माग थांबला तर हाक कोणाला मारायची, आणि आलेल्या माणसाने आधी कोणाचे ऐकायचे? प्रत्येक जण आपले काम बजावीत होता. परंतु ‘हा माग आमचा’ असे म्हणणारा त्या खात्यात कोणी नव्हता.

राइस यांनी सुचविले ते इतकेच की, मागांच्या एका गटाची जबाबदारी माणसांच्या एका गटाकडे असावी. ही कल्पना कामगारांच्या कानी जाताच त्यांनी ती उचलली आणि आपल्या टोळ्या स्वतःच बनविल्या. ६४ मागांमागे ७ माणसांची टोळी ठरली. आरंभीचे धक्के ओसरून घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता सरासरी ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली, आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरले. यंत्रे तीच होती. बदलली ती माणसांची आपसांतील बांधणी.

येथेच थांबलो असतो तर ही केवळ गोड कहाणी झाली असती. एरिक मिलर हे राइस यांचे सहकारी १९७० साली त्याच गिरणीत पुन्हा गेले. साध्या मागांच्या एका खात्यात टोळ्यांची पद्धत टिकून होती; परंतु स्वयंचलित मागांच्या ज्या खात्यात हा चमत्कार घडला होता, तेथे ती बहुतांशी मोडली होती. भोवतालची परिस्थिती पालटली, तिचे धक्के टोळीपर्यंत पोचू न देणे वरिष्ठांना साधेना, आणि टोळीची स्वतःस सावरण्याची शक्ती झिजत गेली. पुढे ती गिरणीच बंद पडली, हा भाग निराळा.

आणखी एक गोष्ट मला सलते. टोळ्या कामगारांनी स्वतः निवडल्या, हे ऐकावयास फार बरे वाटते. पण निवडीला वगळण्याची दुसरी बाजू असते. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी अस्पृश्य मानलेल्या कामगारांस साचेखात्यात मज्जाव होता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, तेव्हा विटाळ होईल, हे त्याचे कारण! १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. टोळीत किती एकजूट आहे हे मोजणाऱ्या शास्त्राने त्या टोळीच्या दाराबाहेर कोण उभे आहे, हेही मोजले पाहिजे. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे कोणास रुचणार नाही; तरी बोललो.

आता आपल्या घरात येतो. गेल्या वर्षी आपल्या शिष्यवृत्ती निधीत पैसा शिल्लक होता, यादी मंजूर होती, आणि तरीही आपल्या एका विद्यार्थिनीच्या शुल्काची मुदत टळली. तिच्या वडिलांनी हातउसने घेऊन दंडासह पैसे भरले. चौकशीत प्रत्येकाचे काम चोख आढळले. अर्ज घेणाऱ्यांनी वेळेवर घेतले, गुणपत्रिका तपासणाऱ्यांनी तपासल्या, कार्यकारी मंडळाने ठराव केला, कोषाध्यक्षांनी धनादेश लिहिला. त्यावर दुसरी सही माझी हवी होती, आणि मी आठवडाभर परगावी होतो. जाताना कोणास सांगावे हे मला सुचले नाही, कारण कोणास सांगायचे हेच ठरलेले नव्हते. अहमदाबादचे २९ जण मी पुस्तकात वाचले होते; त्यांच्यात मी स्वतः उभा आहे, हे त्या मुलीच्या वडिलांनी माझ्या दारात येऊन सांगेपर्यंत मला कळले नाही. ते रागावले नाहीत. ‘कोणाला विचारायचे तेवढे सांगा,’ एवढेच म्हणाले.

उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे मी एक सूचना ठेवली आहे. विद्यार्थ्यांचे विभागवार गट पाडावेत, आणि प्रत्येक गटाचे काम अर्ज घेण्यापासून पैसे हाती पडेपर्यंत तिघांनीच पाहावे. सह्यांचा अधिकारही त्यांतील दोघांस असावा. हे तिघे नेहमीच्या चार घरांतलेच असू नयेत, आणि त्यांत एक तरी स्वतः शिष्यवृत्ती घेऊन शिकलेला किंवा शिकलेली असावी. वर्षभर कार्यकारी मंडळाने हिशेब जरूर मागावा, पण मधेच हात घालू नये. मंडळातील माझ्या वडीलधाऱ्या मित्रांना हे शेवटचे कलम जड जाईल, हे मी जाणतो. सूचनेच्या प्रती प्रवेशद्वारापाशी ठेवल्या आहेत. नावे देऊ इच्छिणाऱ्यांनी, विशेषतः भगिनींनी आणि तरुण मंडळींनी, आज रात्रीच्या भोजनापूर्वी ती चिटणीसांकडे द्यावीत.