पाताळातले खण



आपल्याकडे जुनं घर मोजायचं ते खणांत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. चार खणांचं घर, सहा खणांची माडी. आज मी तुम्हाला असाच एक वाडा दाखवणार आहे. तो जमिनीखाली आहे आणि त्यात कधी कुणी राहिलं नाही.

अमेरिकेतल्या नेवाडात १८५९ साली कॉमस्टॉकची चांदी सापडली. व्हर्जिनिया सिटी हे गाव तिच्यावरच उभं राहिलं. तिथली ओफिर खाण खोल जाऊ लागली, तसा धातूचा पट्टा रुंदावत गेला. सुमारे १७५ फुटांवर तो ४० फुटांहूनही रुंद झाला. आनंदाचीच गोष्ट, पण काढायचा कसा? खनिज भुसभुशीत, हात लावला की ढासळणारं. एरवी दोन धिरे उभे करायचे, वर आडवी तुळई टाकायची, की काम भागे. एवढ्या रुंदीला पुरेल अशी तुळई कुठल्या झाडातून काढणार? दगड डोक्यावर यायला लागले.

तेव्हा कॅलिफोर्नियातून फिलिप डायडेसहायमर या जर्मन अभियंत्याला बोलावलं. १८६० च्या अखेरची ही गोष्ट. त्यानं लांब लाकडाचा नादच सोडला. माणसापेक्षा थोडे उंच खांब, त्याहून आखूड तुळया, सगळं जाडजूड चौरस लाकूड. त्यांचा एक चौकोनी खण. त्याच्या शेजारी दुसरा, डोक्यावर तिसरा. कल्पना मधमाशीच्या पोळ्यावरून सुचली असं सांगतात. मला मात्र त्यात सुतार दिसतो. कोपऱ्यावरचा सांधा बघा: खालून खांब येतो, वरचा खांब त्यावर बसतो, चारी बाजूंनी चार लाकडं येऊन भिडतात. सहा तोंडं एका जागी. कुसू आणि खोबण इतकी नेमकी, की डोंगर जितका दाबेल तितका सांधा घट्ट होतो.

काम खालून वर चाले. एका खणापुरतंच खनिज फोडायचं, लगेच चौकट उभी करायची, लाकूड आणि खडक यांच्यात पाचर ठोकायची, वर फळ्या टाकायच्या. मग त्या फळ्यांवर उभं राहून पुढचा खण. खालचे रिकामे खण टाकाऊ दगडांनी भरून काढायचे, कारण नुसतं लाकूड तेवढा भार जन्मभर पेलत नाही. पोकळी भरण्याचा हा धडा आजही चालतो: नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉइलच्या मँगनीज खाणींत पाण्याबरोबर वाळू सोडून पोकळी भरतात.

खाणकऱ्याला लाकूड आवडे ते आणखी एका कारणानं. ते मोडण्याआधी बोलतं. आधी करकरतं, तंतू उसवतात, मग तुटतं. तेवढ्यात माणूस बाजूला होतो.

पण याची किंमत मोजावी लागली. टाहो सरोवराभोवतीची पाइनची रानं तोडून ती या विवरांत उतरवली गेली. आणि लाकूड पेटतं. ७ एप्रिल १८६९ च्या सकाळी यलो जॅकेट खाणीत आग लागली, शेजारच्या दोन खाणींत पसरली. किमान ३५ माणसं गेली, बरीचशी धुरानं आणि विषारी वायूनं. ज्या लाकडानं त्यांना तारलं होतं, त्यानंच मारलं. हे मला विसरता येत नाही.

डायडेसहायमरनं या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. त्यामुळे ती मुक्तपणे पसरली, मोंटानातल्या ब्यूटला गेली, ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला गेली. पुढे लाकूड आणि मजुरी महागली, नव्या पद्धती आल्या, आणि ती मागे पडली. किती खाणकरी तिच्यामुळे संध्याकाळी घरी परतले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

व्हर्जिनिया सिटीच्या चोलर खाणीत आज पर्यटकांना आत नेतात. तिथे त्या काळच्या चौकटी अजून उभ्या आहेत.