बाटलीतलं तपकिरी पाणी आणि बाईंचा प्रश्न



संयोजकांनी बजावलंय, वेळ पाळायची आणि फळ्यावर सूत्रं लिहायची नाहीत. म्हणून ही सीलबंद बाटली आणली आहे. पहिल्या रांगेपासून फिरवू या. आत कोऱ्या चहासारखं पाणी दिसेल. त्यात प्लॅटिनम आणि कोबाल्ट आहे. उजेडासमोर धरलीत तरी कण दिसणार नाहीत. एकेक कण दोन-तीन नॅनोमीटरचा, आणि माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड. तुलनेसाठी केस लागेल, तो आपल्यापैकी काहींनी शेजाऱ्याकडून घ्यावा.

हे कण उत्प्रेरक आहेत. उत्प्रेरकाची आपली सगळ्यांची पहिली ओळख डालड्याच्या डब्यातून झाली. तेलातल्या दुहेरी बंधांवर निकेलच्या मदतीने हायड्रोजन चढवला की तेल घट्ट होतं. पण ते काम ढोबळ असतं. काही बंध भरतात, काही तसेच राहतात, तर काही नुसते उलटे वळून ट्रान्स फॅट होतात.

माझं काम याहून चिकित्सेचं. दालचिनीला वास देणारा सिनॅमाल्डिहाइड घ्या. त्याच्या एकाच रेणूत हायड्रोजन चढू शकेल अशा दोन जागा आहेत. एक कार्बन-कार्बन दुहेरी बंध, दुसरा कार्बन-ऑक्सिजन. आम्हाला दुसराच भरायचा असतो, कारण त्यातून सिनॅमिल अल्कोहोल मिळतं आणि त्याला अत्तराच्या धंद्यात मागणी आहे. हायड्रोजनला मात्र पहिली जागा सोपी वाटते. नुसतं प्लॅटिनम वापरलं तर दोन्हीकडे हात मारतं. शेजारी थोडा कोबाल्ट बसवला की तो ऑक्सिजनच्या टोकाला ओढून धरतो आणि हवी ती जागा आधी भरते.

दोन धातू एकत्र आणले की कोण कुठे बसतो यालाही महत्त्व आहे. टोकियोत नाओकी तोशिमा यांच्या गटाने प्लॅटिनम आणि पॅलेडियम मिसळून असे कण केले. त्यात प्लॅटिनम गाभ्यात गेलं आणि पॅलेडियम बाहेर आलं. ५५ अणूंचा कण धरला तर १३ आत, ४२ बाहेर. जवळजवळ सगळं पॅलेडियम कामाच्या जागेवर! पगारावरचं एकही माणूस मागच्या खोलीत बसलेलं नाही.

एवढे बारीक कण नुसते सोडले तर एकमेकांना चिकटतात आणि काळा गाळ तळाशी बसतो. म्हणून धातूच्या क्षारांत आधीच एक बहुवारिक विरघळवायचं, पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन. मग सोडियम बोरोहायड्राइड घातलं की पिवळसर द्रावण बघता बघता काळपट तपकिरी होतं. बहुवारिकाच्या लांब साखळ्या कणांभोवती सैलसर गुंडाळतात. हे बहुवारिक तुमच्या घरात आहे. नातवंडांच्या खरचटलेल्या गुडघ्याला आपण बेटाडिन लावतो, त्यातलं आयोडीन यानेच धरून ठेवलेलं असतं. प्रमाण कमी पडलं तर गाळ बसतो आणि जास्त झालं तर कण असा झाकला जातो की रेणूला आत शिरायला वाट उरत नाही. या एका प्रमाणापायी माझा सबंध पावसाळा गेला.

आता बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. नववीत जस्त आणि सौम्य आम्लाचा प्रयोग होता. माझ्या परीक्षानळीतून काही 'फट्' आवाज आला नाही. मी गाइडमध्ये बघून जर्नलमध्ये लिहिलं, 'फट् असा आवाज झाला.' तुम्ही लाल शाईने विचारलंत, 'तू ऐकलास का?'

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझी निवडकता ९० टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे तयार झालेल्या मालात ९० टक्क्यांहून जास्त हवं ते अल्कोहोल. परिषदेला सारांश गेला, स्वीकारलाही गेला. घरी पेढे वाटले. मग एका रात्री आकडे पुन्हा मांडताना लक्षात आलं, की मी अभिक्रिया फार लवकर थांबवत होते. जेमतेम दहावा हिस्सा सिनॅमाल्डिहाइड बदललेला असायचा. सुरुवातीला सगळेच उत्प्रेरक शहाणे दिसतात. अभिक्रिया पुढे चालू दिली, की तयार झालेल्या अल्कोहोलचाही दुसरा बंध भरू लागतो आणि आकडा घसरतो. शिवाय मी नुसत्या प्लॅटिनमशी तुलना सारख्या वेळेवर केली होती. ती सारख्या रूपांतरावर करायला हवी होती. प्लॅटिनम तोवर बरंच पुढे गेलेलं असायचं.

कोणी विचारलं नसतं. सारांशात रूपांतराचा आकडा द्यायची सक्तीही नव्हती. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मार्गदर्शकांच्या खोलीत गेले आणि सारांश मागे घ्यायचा म्हटलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग म्हणाले, "पत्र तूच लिही."

सगळे प्रयोग पुन्हा केले, त्यात वर्ष गेलं. कोबाल्टचा फायदा खरा निघाला, पण मी मिरवला होता तेवढा नव्हता. प्रबंधात दोन्ही आकडे आहेत, शेजारी शेजारी. शिष्यवृत्ती तोवर संपली होती, शेवटचे सात महिने आईने पैसे पाठवले.

बाई, ते जर्नल माझ्याकडे नाही, पुरात गेलं. लाल शाई मात्र आठवते.

बाटली मागच्या बाकापर्यंत जाऊ द्या. हलवली तरी चालेल, चार वर्षांत गाळ बसलेला नाही. झाकण तेवढं उघडू नका.