आधी माप, मग खरेदी

जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचं काम काढलं की मालकाचे पैसे गॅरेजमध्ये बुडत नाहीत, श्रोतेहो, ते कॅटलॉग चाळताना बुडतात. पिस्टनचा सेट, बेअरिंगा, वर क्रोमचं चकचकीत रॉकर कव्हर, असं सगळं मागवून मालक मोकळा होतो. इंजिन अजून गाडीतच असतं!

एमजीबीचंच पाहा. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून 1962 ते 1980 या काळात अशा पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. म्हणूनच तिचे सुटे भाग आजही मिळतात आणि बेताच्या पैशात इंजिन बांधता येतं. हे इंजिन 1798 सीसीचं, बी-सीरिजचं. त्याच घराण्यातलं 1489 सीसीचं इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये होतं, त्यामुळे अ‍ॅम्बॅसडरवर हात काळे केलेल्या मिस्त्रीला ते परकं वाटत नाही. दोन्हींचा स्ट्रोक 88.9 मिलिमीटरच, वाढला तो बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. पिस्टन अर्थातच एकमेकांना चालत नाहीत. खुद्द एमजीबीतही फरक आहे. 1964 पर्यंतच्या इंजिनात क्रँकला तीन मेन बेअरिंग, नंतरच्या इंजिनात पाच. न बघता मागवणाऱ्याची फसगत इथूनच सुरू होते.

तेव्हा आधी माप.

ब्लाउज शिवायला टाकला की शिंपी आधी फीत लावतो, मग कात्री. वर शिवणीत थोडी माया ठेवतो, पुढे उसवता यावा म्हणून. ब्लॉकच्या बिडातही अशी माया असते. झिजलेला सिलिंडर वीस, तीस, चाळीस, फार तर साठ थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा करता येतो. क्रँकचं उलटं. तो दहा-दहा थाऊ घासून बारीक करायचा आणि त्या मापाच्या बेअरिंगा घालायच्या. पण ब्लाउजची माया उसवून पुन्हा टीप मारता येते. बिडाची एकदा कातली की गेली. ती संपली तर लायनर, म्हणजे आतून अस्तर, आणि अस्तराची शिलाई वेगळी! म्हणून वीस थाऊत भागत असेल तर चाळीस कातू नयेत. आणि वीसचे पिस्टन आधीच घेऊन ठेवले, पण सिलिंडर तीसशिवाय साफ होत नाही असं निघालं, तर? ते पिस्टन फळीवर धूळ खातात.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. रिंगा जिथवर चढतात तिथे, वरच्या बाजूला, जास्त झिजतो, आणि गोलही राहत नाही. म्हणून वर, मध्ये, खाली, अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यावं. क्रँकच्या प्रत्येक जर्नलला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला, मायक्रोमीटर लावावा. मशिन शॉपमध्ये हे काम होतं. आकडे कागदावर उतरवावेत, ऑर्डर त्यानंतर. हे पुन्हा सांगावं लागतं, कारण मान सगळेच डोलावतात आणि घरी जाऊन पिस्टन मागवतात!

बचतीच्या जागा मापानंतरच दिसतात. सम्प, टायमिंग कव्हर, तपासून सरळ निघालेले कनेक्टिंग रॉड पुन्हा वापरावेत. रॉकेलने धुणं, जुनं गॅस्केट खरवडणं, रंग देणं हे मालकानेच करावं. बेअरिंगा, रिंगा, गॅस्केट, ऑइल पंप यांत मात्र हात आखडू नये. कॅमशाफ्ट नवा असेल तर टॅपेटही नवेच. जुने घातले की नवा कॅम खराब होतो. आणि क्रँक घासून आला की त्याची तेलाची भोकं ब्रश घालून धुवावीत. तिथे अडकलेली घासणीची कच नव्याकोऱ्या बेअरिंगा खाते. या कामाला पैसे लागत नाहीत, फक्त अर्धा तास लागतो.

हेडचंही थोडं. ब्रिटनमध्ये 1999 संपताना आणि भारतात 2000 साली शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिशाविना एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बिडाच्या सीटा लवकर झिजतात, तेव्हा हेड उतरलंच आहे तर कडक सीटा बसवून घ्याव्यात.

मालकांना विनंती एवढीच: ब्लॉक आणि क्रँक मशिन शॉपमध्ये न्या, मापांचा कागद हातात घ्या, आणि तो मिळेपर्यंत एकही पिस्टन मागवू नका.