चहूंकडचा आवाज

पानिपतजवळ ज्या आम्रवृक्षावरून ‘काला अंब’ हे नाव पडले, तो आज नाही. तेथे स्मारकस्तंभ आहे. १४ जानेवारी १७६१ चा रणकोलाहल तेथे मनानेच ऐकावा लागतो.

घरी संगणकावर युद्धपट लावला, तर तो चहूंकडून यावा असे वाटते. पण मागचे स्पीकर मुकेच राहतात! दोष बहुधा जोडणीचा असतो. एचडीएमआय तार आठ स्वतंत्र ध्वनिप्रवाह वाहते; प्रकाशतंतूची तार, संकोचन न केलेले, केवळ दोन. म्हणून पहिलीच तार रिसीव्हरला जोडावी. संगणकाच्या ध्वनियोजनेत रिसीव्हर निवडून ‘५.१’ ही मांडणी ठरवावी. चित्रपटाचे ध्वनिमुद्रण तसे असेल, तर पाठीमागून टापा ऐकू येतील.

परंतु रणातून न परतलेल्यांची हाक कोणतीही तार आणणार नाही. तिच्यासाठी काला अंबच्या शांततेतच उभे राहावे लागते.