इंजिन कुणाचं, गाडी कुणाची?



फासेल व्हेगा या गाडीचं नाव बऱ्याच वाचकांना एका अपघातामुळे माहीत असतं. 4 जानेवारी 1960 रोजी फ्रान्समध्ये विलब्लेव्हँ गावाजवळ एक गाडी झाडावर आदळली आणि लेखक आल्बेर काम्यू जागीच गेले. गाडी चालवणारे प्रकाशक मिशेल गालिमार काही दिवसांनी गेले. काम्यूंच्या खिशात रेल्वेचं न वापरलेलं तिकीट सापडलं. ती गाडी फासेल व्हेगा होती. पण कंपनी बुडाली ती या अपघातामुळे नाही, एका छोट्या इंजिनामुळे. आज मी त्याबद्दल बोलणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने मोठ्या इंजिनांवर जबर कर बसवला. डेलाहे, टाल्बो, बुगाटी अशी एकेकाळची खानदानी नावं एकेक करून मागे पडली. अशा काळात, 1954 साली, जाँ डॅनिनोस यांनी फासेल व्हेगा बाजारात आणली. त्यांचा कारखाना तोवर दुसऱ्या कंपन्यांसाठी गाड्यांच्या बॉडी बनवत होता. पत्र्याच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. डॅशबोर्ड तर असा, की बघणाऱ्याला अक्रोडाचं लाकूड वाटावं. प्रत्यक्षात तो हाताने रंगवलेला पत्रा!

इंजिन मात्र त्यांनी अमेरिकेतून, क्रायस्लर कंपनीकडून घेतलं. आठ सिलिंडरचं, दणकट, भरवशाचं. चार माणसं आणि सामान घेऊन ताशी 200 किलोमीटरच्या वर पळणारी ही गाडी पिकासोने घेतली, रेसर स्टर्लिंग मॉसने घेतली, पुढे बीटल्सच्या रिंगो स्टारनेही घेतली.

पण लोक म्हणायचे, गाडी फ्रेंच आणि काळीज अमेरिकन. शिवाय अशा महागड्या गाड्या विकून विकून किती विकणार? म्हणून छोटी फासेलिया आली. तिचं 1.6 लिटरचं इंजिन फ्रान्समध्येच, पाँ-आ-मूसाँ कंपनीने बनवलेलं. कागदावर उत्तम. ग्राहकांच्या हातात गेल्यावर मात्र पिस्टन जळू लागले. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनीची तिजोरी आणि अब्रू दोन्ही गेलं. 1961 मध्ये डॅनिनोस यांना पद सोडावं लागलं. पुढे त्याच छोट्या गाडीत व्होल्व्होचं इंजिन बसवलं आणि ती नीट चालू लागली. पण तोवर उशीर झाला होता. 1964 मध्ये कारखाना बंद पडला.

हे वाचताना मला माझी एक सही आठवते. युनिटमध्ये नवा जनरेटर आला होता. खाली मैदानात दोन दिवस सुरळीत चालला. मी खूश होऊन सही केली आणि तो वर चौकीवर पाठवला. तिथल्या थंडीत तो सुरूच होईना. पोरांनी ती रात्र एका बुखारीभोवती बसून काढली. सकाळी रेडिओवर कुणी तक्रार केली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. जनरेटरचा दोष होताच. पण जिथे तो वापरायचा तिथे न तपासता सही करणारा मी होतो.

आपल्याकडेही हा प्रश्न जुना आहे. आपल्या अर्जुन रणगाड्याचं इंजिन जर्मन आहे, यावर मेसमध्ये पुष्कळ वाद ऐकले. स्वतःचं इंजिन हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डॅनिनोस यांचीही इच्छा चुकीची नव्हती. फक्त त्यांच्या इंजिनाची खरी परीक्षा ग्राहकाच्या पैशाने झाली. सैन्यात तीच परीक्षा जवानाच्या जिवावर होते.

उसनं घेण्यात कमीपणा नाही, स्वतःचं करण्यात घाई नको. सही करण्याआधी एकदा वर चौकीवर जाऊन या, एवढंच सांगतो.

जय हिंद.